रिअल-टाइम लिनक्सवर कर्नल मॉड्यूल: बिल्ड, लोड आणि त्यानंतरची खरी तपासणी

साध्या लिनक्सवर मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, नंतर जोडता येणारा कोड) लोड झालं, ‘एलएसमॉड’ने दाखवलेल्या लोड मॉड्यूलच्या यादीत नाव दिसलं, की काम संपतं. रिअल-टाइम कर्नलवर, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम होण्याची हमी देणाऱ्या कर्नलवर, तिथे निम्मंच काम झालेलं असतं. मॉड्यूल कर्नलच्या आत शिरतं, त्याला सगळे हक्क मिळतात, आणि त्यातली एखादी चुकीची ओळ अख्ख्या यंत्रणेची वेळेची हमी मोडू शकते. तेही एकही एरर न दाखवता. म्हणून या लेखात लोड करण्याच्या आज्ञांइतकाच भर आधीच्या आणि नंतरच्या तपासणीवर आहे.

आज्ञा, पॅकेजं आणि फाइल्सची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.

आधी ठरवा: तुमच्या प्रणालीत मॉड्यूल हा प्रकार आहे का?

प्रत्येक रिअल-टाइम प्रणालीत हा प्रश्न सारखा नसतो. फ्रीआरटीओएसमध्ये कर्नल आणि तुमचा प्रोग्राम एकत्र लिंक होऊन एकच फर्मवेअर तयार होतं, त्यामुळे नंतर कर्नल मॉड्यूल जोडण्याची सोयच नाही. क्यूएनएक्समध्ये ड्रायव्हर कर्नलबाहेर साध्या प्रोसेससारखे चालतात. तिथे ड्रायव्हर बदलायचा म्हणजे एक प्रोसेस बंद करून दुसरी सुरू करायची. व्हीएक्सवर्क्समध्ये डाउनलोडेबल कर्नल मॉड्यूल असतात आणि ते शेलमधून थेट लोड करता येतात. नटएक्समध्ये चक्क ‘इन्समॉड’ आणि ‘आरएममॉड’ याच नावाच्या आज्ञा आहेत. झेफरमध्ये एलएलईएक्सटी नावाची, चालू असताना कोड जोडण्याची सोय आहे. आरटीएआय आणि झेनोमाय लिनक्सच्या शेजारी वेगळा रिअल-टाइम गाभा चालवतात. आरटीएआयमध्ये आधी हॅलचं (हार्डवेअरशी बोलणाऱ्या थराचं) मॉड्यूल, मग शेड्युलरचं (कोणतं काम कधी चालेल ते ठरवणाऱ्या भागाचं), मग फिफो-सेमाफोरसारखी बाकीची, हा क्रम पाळावाच लागतो.

पुढचं सगळं प्रीएम्प्ट-आरटी (थोडक्यात आरटी) लिनक्सबद्दल, म्हणजे लिनक्सच्या कर्नललाच रिअल-टाइम करणाऱ्या बदलाबद्दल, आहे. हा बदल अनेक वर्षं वेगळा पॅच म्हणून फिरत होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून तो एक्स-८६, आर्म-६४ आणि रिस्क-व्ही या तिन्हींसाठी मुख्य कर्नलमध्येच आहे. म्हणजे आता पॅच लावायची गरज नाही, पण बिल्ड करताना तो पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो किंवा वितरणाचं आरटी पॅकेज घ्यावं लागतं.

पायरी १: चालू कर्नल खरंच आरटी आहे का ते बघा

‘युनेम’ला ‘ए’ हा पर्याय देऊन चालवा. उत्तरात ‘प्रीएम्प्ट_आरटी’ हे शब्द स्पष्ट दिसले पाहिजेत. इथे पुष्कळ जण फसतात, कारण आजकालच्या बहुतेक डेस्कटॉप कर्नलवर ‘प्रीएम्प्ट_डायनॅमिक’ असं दिसतं आणि ते वाचून आपण आरटीवर आहोत असा समज होतो. तो वेगळा प्रकार आहे. त्यात प्रीएम्प्शन (चालू काम थांबवून दुसरं पुढे घेणं) किती आक्रमक असावं हे बूट होताना ठरवता येतं, पण स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फेरे मारत वाट पाहायला लावणारा लॉक) आणि इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) जुन्याच पद्धतीने चालतात. ‘लो-लेटन्सी’ नावाच्या कर्नलचंही तेच.

शंका उरली तर ‘बूट’ डिरेक्टरीतली, चालू आवृत्तीच्या नावाची ‘कॉन्फिग’ फाइल उघडून ‘कॉन्फिग_प्रीएम्प्ट_आरटी’ समोर ‘वाय’ आहे का ते शोधा.

पायरी २: हेडर त्याच कर्नलचे घ्या

मॉड्यूल ज्या कर्नलवर चालणार, त्याच कर्नलचे हेडर (बिल्डला लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइल्स) लागतात. ‘जवळपास तीच आवृत्ती’ चालत नाही. डेबियनवर ६४-बिट पीसीसाठी ‘लिनक्स-हेडर्स-आरटी-एएमडी६४’ हे पॅकेज आहे. रेड हॅटच्या आरटी कर्नलसाठी ‘कर्नल-आरटी-डेव्हल’ आहे. बसवून झाल्यावर ‘लिब’खालच्या ‘मॉड्यूल्स’ डिरेक्टरीत, चालू आवृत्तीच्या फोल्डरमध्ये ‘बिल्ड’ नावाची लिंक आहे का आणि ती अस्तित्वात असलेल्या जागीच जाते का ते तपासा. तुटलेली लिंक हे बिल्ड फसण्याचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात नेहमीचं कारण.

कर्नल तुम्ही स्वतः कंपाइल केला असेल, तर तो सोर्स आणि त्याचं पूर्ण बिल्ड जपून ठेवा. ‘मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर’ चालवून काम भागेल असं वाटतं, पण त्यातून ‘मॉड्यूल.सिमव्हर्स’ ही फाइल तयार होत नाही. कर्नलमधल्या कोणत्या फंक्शनची कोणती आवृत्ती आहे याची नोंद त्याच फाइलमध्ये असते. मॉड्यूल-आवृत्त्यांची तपासणी चालू असलेल्या कर्नलवर तिच्यावाचून चालत नाही. कर्नल ज्या कंपायलरने बांधला, मॉड्यूलही शक्यतो त्याच आवृत्तीच्या कंपायलरने बांधा.

पायरी ३: बिल्ड

स्वतःच्या मॉड्यूलची मेकफाइल छोटी असते: ‘ऑब्ज-एम’ या चलात ऑब्जेक्ट फाइलचं नाव द्यायचं आणि ‘मेक’ला मोठ्या ‘सी’ पर्यायाने कर्नलच्या ‘बिल्ड’ डिरेक्टरीत पाठवायचं. ‘एम’ या चलात तुमच्या कोडची जागा सांगायची. दुसऱ्या प्रोसेसरसाठी बांधत असाल तर ‘आर्च’ आणि ‘क्रॉस_कंपाइल’ ही दोन चलंही द्यावी लागतात.

मॉड्यूल बाहेरून आलेलं असेल आणि कर्नल अधूनमधून अपडेट होणार असेल तर डीकेएमएस वापरा. नवा कर्नल आला की ते मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधतं. मात्र बांधता आलं म्हणजे आरटीवर नीट चालेल असं डीकेएमएस सांगत नाही.

काही व्यावसायिक ड्रायव्हर आरटी कर्नल दिसला की बिल्डच नाकारतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर याचं ठळक उदाहरण. ‘इग्नोर_प्रीएम्प्ट_आरटी_प्रेझेन्स’ हे पर्यावरण-चल १ केलं तर तो अडथळा दूर होतो आणि बिल्ड पुढे जातं. पण उत्पादकाने तो अडथळा मुद्दाम ठेवला आहे. प्रयोगाच्या मशीनवर खुशाल करा. जिथे मोटर फिरते किंवा रोबोटचा हात हलतो, तिथे मी ते करणार नाही.

पायरी ४: लोड करण्याआधी कोड वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आरटीवरचे बहुतेक त्रास इथूनच सुरू होतात.

आरटी कर्नलवर साधा स्पिनलॉक मुळात स्पिन करतच नाही. तो आरटी-म्युटेक्सवर उभा असतो, म्हणजे लॉक दुसऱ्याकडे असेल तर थ्रेड चक्क झोपतो. ‘स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह’ लिहिलं तरी इंटरप्ट बंद होत नाहीत, आणि लॉक धरलेला असतानाही शेड्युलर तुम्हाला बाजूला काढू शकतो. खरोखर स्पिन करणारा लॉक हवा असेल तर ‘रॉ_स्पिनलॉक’ हा वेगळा प्रकार आहे. दुसरं म्हणजे जवळजवळ सगळे इंटरप्ट हँडलर थ्रेडमध्ये चालतात. हार्डवेअरचा सिग्नल आला की कर्नल फक्त तो थ्रेड जागा करतो, आणि पुढचं काम शेड्युलरच्या नियमांनी होतं.

या दोन गोष्टी डोक्यात ठेवून सोर्समध्ये पुढच्या जागा शोधा.

‘प्रीएम्प्ट_डिसेबल’ किंवा ‘लोकल_आयआरक्यू_डिसेबल’ आणि त्याच्या आत साधा स्पिनलॉक. साध्या कर्नलवर हे बिनबोभाट चालतं. आरटीवर आतला लॉक झोपू शकतो आणि बाहेर तर झोपायला मनाई आहे. याचा परिणाम म्हणून लॉगमध्ये ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ किंवा ‘शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ येतं. एका प्रोसेसरपुरता डेटा जपायला हे केलेलं असेल, तर त्यासाठी ५.८ आवृत्तीपासून ‘लोकल_लॉक’ आहे. तो साध्या आणि आरटी दोन्ही कर्नलवर योग्य तेच करतो.

रॉ-स्पिनलॉकच्या आत मेमरी मागणं. ‘जीएफपी_अ‍ॅटॉमिक’ दिलं की कुठेही ‘केमॅलॉक’ करता येतं अशी सवय असते. आरटीवर ती मोडावी लागते, कारण मेमरी देणाऱ्या कोडच्या आत झोपणारे लॉक आहेत. मेमरी आधीच घेऊन ठेवा.

‘आयआरक्यूएफ_नो_थ्रेड’ हा फ्लॅग. तो दिला तर तेवढा हँडलर जुन्याप्रमाणे थेट इंटरप्टमध्ये चालतो आणि तो संपेपर्यंत त्या प्रोसेसरवर बाकी सगळं, तुमचा सर्वोच्च प्राधान्याचा टास्कसुद्धा, थांबतं. त्या हँडलरमध्ये साधा स्पिनलॉक असेल तर तो सरळ बग आहे.

‘एमडिले’सारखे रिकामे फेरे. प्रीएम्प्शन बंद असताना किंवा रॉ-लॉक धरून एक मिलिसेकंद फिरणं म्हणजे तुमच्या सर्वात वाईट लेटन्सीत (प्रतिसादाला होणाऱ्या उशिरात) एक मिलिसेकंदाची भर. इथे ‘सरासरी’ हा शब्द विसरायचा. सगळं काही सर्वात वाईट आकड्यावर ठरतं.

‘एचआरटाइमर’, म्हणजे कर्नलचा सूक्ष्म वेळेचा टायमर. आरटीवर तो मुळात सॉफ्ट-इंटरप्टच्या (इंटरप्टनंतर करायच्या कामाच्या) संदर्भात वाजतो. थेट हार्ड-इंटरप्टमध्ये वाजावा असं हवं असेल तर ‘एचआरटाइमर_मोड_हार्ड’ गटातला मोड मुद्दाम द्यावा लागतो, आणि मग त्याच्या कॉलबॅकमध्ये झोपणारा काहीही कोड चालत नाही.

सोर्सच मिळत नसेल तर वाचण्याचा प्रश्न मिटतो आणि मोजमापाचं महत्त्व दुप्पट होतं. सोर्स असेल तर एक तपासणी-कर्नल वेगळा बांधा, ज्यात ‘प्रूव्ह_लॉकिंग’ आणि ‘डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप’ चालू आहेत. चुकीची लॉक-गुंफण तो ‘इनव्हॅलिड वेट कॉन्टेक्स्ट’ म्हणून पकडून देतो, बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच. या कर्नलवर लेटन्सी मात्र मोजू नका. तपासण्यांचं ओझं एवढं असतं की आकडे निरर्थक होतात.

पायरी ५: सही

सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही. किल्ल्यांची जोडी तयार करायची, ‘मॉकयुटिल’ने सार्वजनिक किल्ली नोंदवायची, रीबूट करताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती मान्य करायची, आणि कर्नल सोर्सच्या ‘स्क्रिप्ट्स’ डिरेक्टरीतल्या ‘साइन-फाइल’ने मॉड्यूलवर सही करायची. क्रम महत्त्वाचा: आधी ‘स्ट्रिप’ (डीबगची माहिती काढून टाकणं), मग सही, मग दाबून लहान करणं. सही फाइलच्या शेवटाला चिकटवलेली असते. नंतर ‘स्ट्रिप’ केलं तर ती निघून जाते.

पायरी ६: पहिल्यांदा हाताने लोड करा

रिअल-टाइम प्रोग्राम बंद ठेवा. एका टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ चालू राहू द्या. त्याला ‘डब्ल्यू’ पर्याय दिला की नवे संदेश आले तसे दिसत राहतात. लोड करण्यापूर्वी ‘मॉडइन्फो’ने मॉड्यूलची ‘व्हरमॅजिक’ ओळ बघा. त्यात कर्नलची आवृत्ती आणि प्रीएम्प्शनचा प्रकार लिहिलेला असतो. त्याच कर्नलसोबत आलेल्या कुठल्याही मॉड्यूलची ओळ शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा.

पहिल्या चाचणीसाठी ‘इन्समॉड’ बरं, कारण ते दिलेली फाइल तशीच लोड करतं. अवलंबून असलेली मॉड्यूल शोधून आणत नाही. ती तुम्हाला आधी ‘मॉडप्रोब’ने लोड करावी लागतात. काही बिघडलं तर संदेश असे येतात:

- इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट: व्हरमॅजिक जुळत नाही. नेमकं काय जुळत नाही ते डीमेसेजमध्ये दिसतं. पायरी २ वर परत जा.
- अननोन सिम्बॉल: एकतर अवलंबून असलेलं मॉड्यूल लोड नाही, किंवा फंक्शन फक्त जीपीएल (लिनक्सचा खुल्या सोर्सचा परवाना) असलेल्या मॉड्यूलसाठी खुलं आहे आणि तुमचा परवाना वेगळा आहे. आरटीवर हे जास्त दिसतं, कारण ‘मायग्रेट_डिसेबल’सारखी आरटीला लागणारी काही फंक्शन्स फक्त जीपीएलसाठी आहेत.
- डिसअ‍ॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल: ‘मॉड्यूल.सिमव्हर्स’ दुसऱ्या बिल्डची आहे.
- की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस: सहीची किल्ली नोंदलेली नाही.
- फाइल एक्झिस्ट्स: ते मॉड्यूल आधीच लोड आहे. बहुतेक वेळा जुनी प्रत.

व्हरमॅजिक जुळत नाही म्हणून ‘मॉडप्रोब’ला सक्तीचा पर्याय देण्याचा मोह होतो. आरटीवर तो पूर्णपणे टाळा. स्पिनलॉकच्या आत आरटी-म्युटेक्स असल्यामुळे त्याचा आकारच बदलतो. ज्या ज्या स्ट्रक्चरमध्ये स्पिनलॉक आहे, त्यातलं लॉकनंतरचं प्रत्येक क्षेत्र सरकलेलं असतं. साध्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल जबरदस्तीने घातलं तर ते भलत्याच पत्त्यावर लिहील, आणि मशीन लगेच कोसळलं तर ते नशीबच म्हणायचं. दोन दिवसांनी डेटा बिघडलेला सापडणं हे त्याहून वाईट.

पायरी ७: कायमचं बसवणं

चाचणी समाधानकारक झाली की ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ चालवा. बाहेरची मॉड्यूल कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे ‘एक्स्ट्रा’ किंवा ‘अपडेट्स’ फोल्डरमध्ये जातात. मग ‘डेपमॉड’ला ‘ए’ पर्याय देऊन चालवा म्हणजे अवलंबनांची यादी ताजी होते, आणि इथून पुढे ‘मॉडप्रोब’ वापरता येतं. मॉड्यूलचे पॅरामीटर ‘ईटीसी’खालच्या ‘मॉडप्रोब.डी’मध्ये ‘ऑप्शन्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत लिहा. बूट होताना लोड व्हायला हवं असेल तर ‘मॉड्यूल्स-लोड.डी’मध्ये एक फाइल करून त्यात नाव टाका. मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइल प्रणालीत) जात असेल तर तीही पुन्हा तयार करा. नाहीतर पॅरामीटर बदलूनही जुनेच लागू होत राहतात आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो.

बूट होतानाच लोड करण्याचा आग्रह का? लोड होणं हीच मशीन हलवणारी गोष्ट आहे. मॉड्यूलचा कोड मेमरीत बसवताना, तिच्या परवानग्या बदलताना, काढताना मेमरी परत घेताना कर्नल बाकीच्या प्रोसेसरांना इंटरप्ट पाठवतो. ‘आयसोलसीपीयूज’ने वेगळा काढलेला प्रोसेसरही त्यातून सुटत नाही. म्हणून नियम सरळ ठेवा: रिअल-टाइम प्रोग्राम सुरू होण्याआधी सगळी मॉड्यूल आत आलेली असावीत, आणि तो चालू असताना कुणीही आत येऊ नये, बाहेर जाऊ नये.

हा नियम कागदावर राहू नये म्हणून कर्नलमध्येच कुलूप आहे. ‘सिसकंट्रोल’ने ‘कर्नल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड’ १ केलं की त्यानंतर मॉड्यूल लोडही होत नाही आणि काढताही येत नाही. हे परत ० करता येत नाही, रीबूटच करावं लागतं. बूट पूर्ण झाल्यावर, रिअल-टाइम सेवा सुरू होण्याच्या जस्ट आधी हे करणारी एक छोटी सिस्टमडी सेवा लिहा. यूएसबी ड्राइव्ह लावल्यावर नवं मॉड्यूल आपोआप ओढून आणणारा यूडेव्हही मग गप्प बसतो.

नको असलेल्या मॉड्यूलसाठी ‘ब्लॅकलिस्ट’ ओळ लिहिताना एक ध्यानात ठेवा. ती फक्त हार्डवेअर ओळखून होणारं आपोआप लोडिंग थांबवते. दुसऱ्या मॉड्यूलला गरज लागली तर ते तरीही येतं. पूर्ण बंदी हवी असेल तर ‘इन्स्टॉल’ ओळीत त्या मॉड्यूलच्या नावापुढे ‘बिन’मधल्या ‘फॉल्स’चा मार्ग द्या.

पायरी ८: इंटरप्ट थ्रेडचं प्राधान्य

मॉड्यूल इंटरप्ट वापरत असेल तर ‘पीएस’च्या यादीत ‘आयआरक्यू’, तिरकी रेघ, क्रमांक आणि नाव अशा स्वरूपाचा थ्रेड दिसेल. त्याला आपोआप ‘शेड_फिफो’ हे रिअल-टाइम धोरण आणि ५० प्राधान्य मिळतं. सगळ्याच इंटरप्टांना ५०, म्हणजे तुमचं महत्त्वाचं कार्ड आणि बिनमहत्त्वाचा यूएसबी एकाच पायरीवर. ‘सीएचआरटी’ने योग्य थ्रेड वर घ्या. तो कोणत्या प्रोसेसरवर चालावा हे ‘प्रॉक’खालच्या ‘आयआरक्यू’ डिरेक्टरीत, त्या क्रमांकाच्या ‘एसएमपी_अ‍ॅफिनिटी_लिस्ट’मध्ये लिहा. ‘आयआरक्यूबॅलन्स’ सेवा चालू असेल तर ती तुमची मांडणी गुपचूप बदलेल. ती बंद करा किंवा तिला हा इंटरप्ट वगळायला सांगा.

मॉड्यूल काढून पुन्हा लोड केलं की थ्रेड नवा तयार होतो आणि प्राधान्य पुन्हा ५० वर येतं. त्यामुळे ही आज्ञा हाताने न देता बूटच्या स्क्रिप्टमध्येच ठेवा.

पायरी ९: मोजा

‘आरटी-टेस्ट्स’ पॅकेजमधलं, लेटन्सी मोजणारं ‘सायक्लिकटेस्ट’ दोनदा चालवा, एकदा मॉड्यूलशिवाय आणि एकदा मॉड्यूलसह. मेमरी लॉक, सर्व प्रोसेसरवर एकेक थ्रेड, प्राधान्य ९०, अंतर २०० मायक्रोसेकंद आणि हिस्टोग्राम हे पर्याय द्या. मशीन रिकामं ठेवून मोजण्यात अर्थ नाही. ‘स्ट्रेस-एनजी’ किंवा ‘हॅकबेंच’ने भार द्या आणि मॉड्यूलच्या हार्डवेअरलाही कामाला लावा. पाच मिनिटांचा निकाल दिलासा देतो, खात्री नाही. रात्रभर चालू द्या आणि ‘मॅक्स’चा रकाना बघा.

इथे एक सापळा आहे. ९० प्राधान्यावरच्या चाचणीला ५० प्राधान्याचे इंटरप्ट थ्रेड दिसतच नाहीत, त्यामुळे थ्रेडमध्ये रेंगाळणारा ड्रायव्हरही स्वच्छ सुटतो. तुमचा प्रोग्राम ज्या प्राधान्यावर चालणार त्याच प्राधान्याने आणखी एक फेरी करा. दोन निकालांतला फरक दोष कुठे आहे ते सांगतो: ९० वरच कमाल वाढली असेल तर कुठेतरी प्रीएम्प्शन किंवा इंटरप्ट बंद राहताहेत. ती फक्त खालच्या प्राधान्यावर वाढली असेल तर प्राधान्यांची मांडणी बदलून काम भागू शकतं.

कमाल वाढली तर कारण शोधायला ‘आरटीएलए’ हे साधन आहे. ते ५.१७ पासून कर्नलच्या सोर्ससोबत येतं. त्यातल्या ‘टाइमरलॅट’ला मर्यादा दिली की ती ओलांडताच तो थांबतो आणि उशीर इंटरप्टमुळे झाला की थ्रेडमुळे, कोणत्या फंक्शनपाशी, ते दाखवतो. मॉड्यूल नसतानाही उंच आकडे येत असतील तर ‘एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट’ चालवून बघा. काही मदरबोर्डवर फर्मवेअरच अधूनमधून प्रोसेसर ताब्यात घेतं, आणि त्यावर कोणताही कर्नल इलाज करू शकत नाही.

कर्नल अपडेट झाल्यावर

कर्नल बदलला की पायरी २ पासून सगळं पुन्हा, मोजमापासह. उत्पादनातल्या मशीनवर कर्नलचं पॅकेज गोठवून ठेवा. डेबियन-उबुंटूवर ‘एपीटी-मार्क होल्ड’ त्यासाठीच आहे. अपडेट हाताने, ठरवून करा. जुना कर्नल आणि त्याच्यासाठी बांधलेलं मॉड्यूल दोन्ही डिस्कवर राहू द्या आणि ग्रबच्या यादीतून ते बूट होतात का, हे अपडेट करण्याआधीच एकदा करून बघा.